क्लच बदलण्याचें घरगुती काम

मोटारीचें यंत्र स्वतः उघडून पाहण्याचें धाडस आपल्यापैकीं पुष्कळांना होत नाहीं. आणि ज्यांना होतें त्यांचेंही धाडस बहुधा चाक बदलणें किंवा प्लग पुसणें येथवरच येऊन थांबतें. क्लच हें नांव ऐकलें कीं, तें काम कारखान्यांतच व्हावयाचें, त्याला गाडी डोक्यावर उचलणारें यंत्र पाहिजे, निराळीं हत्यारें पाहिजेत, अशी आपली समजूत असते. ही समजूत सर्वस्वीं खोटी आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु ती जितकी खरी वाटते तितकी ती खरी नाहीं, एवढें दाखविण्याचा प्रयत्न मी आज करणार आहें.

क्लचची गरज मुळांत कां पडते, तें आधीं पाहूं. बैल उभ्या जागेवरून गाडी ओढूं शकतो. वाफेचें इंजिनही उभ्या जागेवरून जोर लावूं शकतें. पेट्रोलच्या इंजिनाला हें साधत नाहीं. तें फिरत असेल तरच त्याच्या अंगीं जोर. थांबलें कीं तें केवळ लोखंड. म्हणून फिरतें इंजिन आणि उभीं चाकें यांची गांठ हळूहळू बांधणारा, व हवी तेव्हां ती सोडणारा, असा कोणी मध्यस्थ लागतो. तो मध्यस्थ म्हणजे क्लच.

त्याची रचना अगदीं साधी आहे. इंजिनाच्या दांड्याच्या टोंकाला फ्लायव्हील नांवाचें एक जड चक्र बसविलेलें असतें. त्याच्या पाठीशीं एक पातळ तबकडी असते. तिला दोन्ही बाजूंनीं घर्षणाचें अस्तर लावलेलें असतें. हीच क्लच-प्लेट. हिच्या मधल्या भोंकाला आंतून खाचा असतात आणि गिअरबॉक्समधून आलेला दांडा त्या खाचांत बसतो. या तबकडीला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरणारी तिसरी वस्तु म्हणजे प्रेशर-प्लेट. तिच्यांत बशीच्या आकाराची, मध्याकडे बोटें असलेली एक जोरदार स्प्रिंग असते. आपण पायानें पेडल दाबलें कीं केबल ओढली जाते, एक बेअरिंग त्या स्प्रिंगच्या बोटांवर रेटलें जातें, दाब सुटतो व तबकडी मोकळी होते. पाय उचलला कीं पुन्हां पकड. बायकांनीं जात्याची वरची तळी उचलून धरावी व पुन्हां खालीं सोडावी, तसेंच हें.

आतां उदाहरणादाखल मी एकच गाडी घेतों, ती मारुति ८००. ही गाडी १९८३ सालच्या डिसेंबरांत प्रथम रस्त्यावर आली आणि २०१४ सालच्या जानेवारींत तिचें उत्पादन बंद झालें. आपल्या गांवोगांवच्या अंगणांत ती अजून उभी दिसते. तिचें इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें, आडवें बसविलेलें. पुढचीं चाकें ओढणारीं. आणि क्लच साध्या केबलनें चालणारा. घरच्या माणसानें हात घालावा अशी तिच्याइतकी सालस गाडी विरळा.

आमच्या घरीं अशी एक जुनी गाडी होती. एके वर्षीं आईला घेऊन साताऱ्याकडे जात असतां खंबाटकीच्या घाटांत तिनें मान टाकली. मी पाय दाबावा, इंजिनाचा आवाज चढत जावा, आणि गाडीनें मात्र बैलगाडीच्या गतीनें सरकावें. आंत जळकट वास सुटला. मागें मालमोटारींची रांग लागली. कसेबसे आम्ही माथ्यावर पोहोंचलों. पुढें एका दुरुस्तीच्या कारखान्यांत जो आंकडा सांगण्यांत आला तो माझ्या त्या वेळच्या मिळकतीला झेपणारा नव्हता. गाडी विकावी, असा विचार जवळजवळ ठरला होता. परंतु आईला आठवड्यांतून दोनदां दवाखान्यांत न्यावें लागे, आणि गाडीवांचून तें होण्यासारखें नव्हतें. अशा वेळीं माझे मामा आले. ते गिरणींत फिटर होते. सर्व ऐकून घेऊन ते म्हणाले, "अरे, माणसानेंच बसविलेलें आहे ना तें? मग माणसानें काढायला काय हरकत आहे?" या एका वाक्यावर आम्हीं तें काम हातीं घेतलें.

पण मामांनीं पहिल्या दिवशीं एकही बोल्ट काढूं दिला नाहीं. क्लच खरोखरच गेला आहे काय, हें आधीं पाहा, असें ते म्हणाले. हीच गोष्ट मी आपणांस सांगेन. पेडलला वर थोडें, सुमारें बोटभर, मोकळें अंतर असावें लागतें. नेमकें माप गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. हें अंतर उरलें नसेल तर बेअरिंग स्प्रिंगवर सदैव टेकून राहतें व चांगला क्लचही घसरूं लागतो. तेव्हां केबलचा नट फिरवून पाहावा. कित्येकदां एवढ्यानेंच काम भागतें. नट फिरवूनही घसरणें राहिलें तर दुसरी परीक्षा घ्यावी. सपाट मोकळ्या जागीं, समोर कोणी नाहीं असें पाहून, हातब्रेक घट्ट ओढावा, वरचा गिअर टाकावा व पेडल हळूहळू सोडावें. इंजिन धडपडून बंद पडलें तर क्लचमध्यें प्राण आहे. तें आपलें चालूच राहिलें तर अस्तर झिजलें किंवा त्यावर तेल सांडलें असें समजावें. ही परीक्षा एकदांच घ्यावी. वारंवार घेतल्यास उरलेंसुरलें अस्तरही जळून जाईल.

आतां हत्यारांचा विचार. पाने व पान्यांचीं टोपणें यांचा एक साधा संच, जॅक, पहार, हातोडी, पकड, पेचकस, तेल धरण्यास एक पसरट भांडें आणि गाडी टेकविण्यास मजबूत घोड्या. या घोड्या मात्र विकत आणाव्या किंवा मागून आणाव्या; तेथें काटकसर करूं नये. आमच्यापाशीं त्या नव्हत्या. आम्हीं जाड कठीण लांकडाचे चौकोनी ठोकळे एकावर एक आडवे-उभे रचून त्यांवर गाडी टेकविली. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे यांचा उपयोग कदापि करूं नये. ते भार पडतां पडतां कांहींही सूचना न देतां फुटतात.

मामांचा एक नियम होता. "जॅक हा उचलण्याकरितां, धरण्याकरितां नव्हे," असें ते म्हणत. आणि काढलेलीं दोन्ही चाकें ते गाडीच्या कडेखालीं आडवीं सरकवून ठेवावयास लावीत. मला ती म्हातारपणाची खबरदारी वाटली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते येण्यापूर्वीं मीं डावी बाजू थोडी आणखी उंच करावी म्हणून जॅक लावला. वरचा ठोकळा हलला, जॅक तिरपा झाला, आणि गाडी धाडकन् खालीं आली. ती त्या आडव्या चाकावर येऊन थांबली. क्षणापूर्वीं मी ठोकळा सारखा करण्यासाठीं तेथेंच आंत हात घातला होता. चाक नसतें तर काय झालें असतें, हें मीं त्या दिवशीं आईला सांगितलें नाहीं. श्रोतेहो, या भाषणांतील बाकी सर्व आपण विसरलांत तरी चालेल. एवढें विसरूं नका. जागा कठीण व सपाट असावी, मागच्या चाकांना दोन्हीं बाजूंनीं दगड लावावे, घोड्यांवर टेकविल्यावर गाडीला हातानें चांगला धक्का देऊन पाहावा, काढलेलीं चाकें खालीं ठेवावीं, आणि घरांत कोणी नसतां गाडीखालीं शिरूं नये.

कामाचा क्रम असा. प्रथम बॅटरी काढावी. तिची ऋण बाजूची तार आधीं सोडावी. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतांनाच सैल करावे. मग गाडी उचलून, टेकवून, चाकें काढावीं. गिअरबॉक्समधील तेल काढण्याचें बूच खालीं असतें व भरण्याचें वर. भरण्याचें बूच सुटतें याची खात्री झाल्याशिवाय खालचें बूच काढूं नये. तेल काढून घेतलें आणि भरावयाचें बूच गंजून बसलेलें निघालें, अशी फजिती पुष्कळांची होते.

त्यानंतर क्लचची केबल, वेगमापकाची केबल, मागच्या दिव्याची तार, गिअरच्या दांड्या व स्टार्टर हीं क्रमानें सोडावीं. येथें एक युक्ति सांगतों. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गिअरबॉक्सचा ओबडधोबड आकार काढावा, आणि जो बोल्ट जेथून निघाला तेथेंच पुठ्ठ्यांत खुपसून ठेवावा. सर्व बोल्ट एका लांबीचे नसतात, आणि आठ दिवसांनीं स्मरणशक्तीवर विसंबणें धोक्याचें असतें.

मग चाकांकडे जाणारे दोन दांडे. खालच्या हाताचा गोल सांधा सोडवून चाकाचा भाग बाहेर झुकविला, म्हणजे दांड्याचें आंतलें टोंक गिअरबॉक्समधून निघण्यास जागा होते. तें पहारीच्या टोंकानें हलकेच उचकटावें. दांडा धरून ओढूं नये. तसें केल्यास आंतला सांधाच सुटून येतो. उरलेलें तेल येथून सांडतें, म्हणून भांडें खालीं असूं द्यावें.

गिअरबॉक्स काढला कीं इंजिनाचा एक आधार जातो. म्हणून इंजिनाच्या तळाशीं रुंद फळी ठेवून त्याखालीं ठोकळे द्यावे. जॅकचें टोंक उघड्या पत्र्याला कधींही लावूं नये. आतां गिअरबॉक्सला इंजिनाशीं जोडणारे बोल्ट काढावे आणि दोघांनीं मिळून तो सरळ रेषेंत मागें ओढावा. दांडा तबकडींतून पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्सचें वजन लोंबकळूं देऊं नये, नाहीं तर खाचा व तबकडी वांकतात.

समोर प्रेशर-प्लेट दिसूं लागेल. तिचे बोल्ट एकदम एकेक न काढतां, समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करीत जावे. फ्लायव्हील फिरूं लागलें तर त्याच्या कडेच्या दांत्यांत एक जाड पेचकस अडकवावा. आंतील काळी धूळ तोंडानें किंवा हवेनें उडवूं नये. जुन्या काळच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत असत, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्यानें ती टिपून घ्यावी व फडकें पिशवींत बांधून टाकावें.

आतां कारण शोधावें. अस्तर झिजून खिळ्यांच्या डोक्यांपर्यंत आलें असेल तर तें वयानें गेलें. परंतु तें तेलानें माखलेलें असेल तर नुसती तबकडी बदलून कांहीं उपयोग नाहीं. इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या दांड्यावरचें रबरी सील गळत आहे, तें आधीं बदललें पाहिजे. फ्लायव्हीलवर निळसर डाग, भेगा किंवा खोल चरे दिसल्यास तें खरादवाल्याकडे न्यावें. तबकडी, प्रेशर-प्लेट आणि बेअरिंग हीं तिन्ही एकदमच बदलावीं. एकट्या बेअरिंगचे पैसे वांचविण्यासाठीं हेंच सारें काम पुन्हां करावें लागणें यासारखी महाग काटकसर नाहीं.

नवी तबकडी बसविण्यापूर्वीं ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर सरकवून पाहावी. ती हातानें अलगद सरकली पाहिजे. तिला एक विशिष्ट बाजू असते. मधला उंचवटा ज्या बाजूस अधिक पुढें आलेला, ती बाजू बहुधा गिअरबॉक्सकडे असते. तरी जुनी काढतांना ती कशी होती हें लिहून ठेवावें व नवीवरची खूणही वाचावी. उलटी बसली तर गाडी चालणार नाहीं.

यानंतर खरा प्रश्न येतो, तो तबकडी बरोबर मध्यावर बसविण्याचा. कारखान्यांत याला खास दांडा असतो. आम्हीं झाडूच्या दांड्याचा तुकडा घेतला, त्यावर कागदाची पट्टी गुंडाळीत गुंडाळीत तो तबकडीच्या भोंकांत घट्ट बसेल इतका जाड केला, आणि टोंक तासून फ्लायव्हीलच्या मध्यभागीं बसेल असें निमुळतें केलें. प्रेशर-प्लेटचे बोल्ट नुसते हातानें लावून, स्प्रिंगच्या बोटांमधील गोल भोंक व तबकडीचें भोंक एकाच केंद्रावर आहेत असें समोरून डोळ्यांनीं पाहिलें, आणि मग बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आंवळले.

किती आंवळावे? पुस्तिकेंत तो पीळ दिलेला असतो. तो मोजण्याचा पाना आपणांपाशीं नसतो. पण सामान तोलण्याचा स्प्रिंगचा काटा असतो. समजा, दोन किलोग्रॅम-मीटर पीळ पाहिजे. बोल्टच्या मध्यापासून वीस सेंटिमीटरवर पान्याला काटा अडकवावा आणि काटकोनांत दहा किलोग्रॅम दिसेपर्यंत ओढावें. दहा गुणिले पाव-कमी-पाव नव्हे, तर बरोबर एक पंचमांश मीटर, म्हणजे दोन झाले. शाळेंत शिकलेली तरफ येथें कामास येते.

अस्तराला तेलकट हात लागूं देऊं नये. दांड्याच्या खाचांना ग्रीसचा अगदीं पातळ लेप द्यावा व जास्त लागलेलें पुसून काढावें. मग गिअरबॉक्स परत चढवावयाचा. हें काम काढण्याहून अवघड. ज्या जागीं बोल्ट इंजिनाच्या अंगांतच फिरून बसतात, त्या वरच्या दोन भोंकांत तशाच पेंचाचे लांब बोल्ट, डोकीं कापून, तात्पुरते लावावे. गिअरबॉक्स त्यांवर टेकून सरळ रेषेंत सरकतो.

आमचा गिअरबॉक्स शेवटचीं दोन बोटें अंतर राहून अडला. रात्रीचे नऊ वाजले होते. बोल्ट लावून पान्यानें ओढून घेऊं, असें मीं सुचविलें. मामांनीं माझ्या हातांतील पाना काढून घेतला. "ओढून बसणारी वस्तु बसलेली नसते, ती फुटावयाची राहिलेली असते," असें म्हणून ते हात धुण्यास गेले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गिअर टाकून, एका माणसानें दुसऱ्या बाजूनें इंजिन पान्यानें किंचित् फिरविलें, खाचांची भेट झाली, आणि तोच गिअरबॉक्स हाताच्या रेट्यानें जागेवर गेला. त्याचें कवच अ‍ॅल्युमिनियमचें असतें. रात्रीं मीं पाना फिरविला असता तर त्याचा कान निश्चित तुटला असता, आणि आमची सारी बचत त्यासह गेली असती.

पुढें सर्व उलट क्रमानें जोडावें. गिअरबॉक्समध्यें तेल भरणें विसरूं नये. एका चिठ्ठीवर "तेल नाहीं" असें लिहून ती स्टिअरिंगला बांधावी व तेल भरल्यावरच काढावी. मग केबलचें अंतर जुळवावें. गाडी उंचावलेली असतांनाच, इंजिन बंद ठेवून व किल्ली काढून, गिअर टाकावा. एकानें पेडल दाबावें, दोघांनीं दोन्ही पुढचीं चाकें एकाच दिशेनें फिरवून पाहावीं. पेडल दाबलेलें असतां तीं फिरलीं पाहिजेत. सोडतांच अडलीं पाहिजेत. असें झालें कीं गाडी खालीं घ्यावी, चाकांचे नट पुन्हां तपासावे, आणि पहिले कांहीं शें किलोमीटर नव्या क्लचला जपून वागवावें.

हें सर्व ऐकून प्रत्येकानें प्रत्येक गाडी उघडावी असें मात्र माझें म्हणणें नाहीं. मागचीं चाकें ओढणाऱ्या जुन्या अ‍ॅम्बॅसडर किंवा पद्मिनीसारख्या गाड्यांत हेंच तत्त्व आहे, केवळ लांब दांडा काढावा लागतो. पण अलीकडच्या कित्येक गाड्यांत दुहेरी फ्लायव्हील, आपोआप जुळणारे क्लच, किंवा जोडीनें चालणारे दोन क्लच असतात. तेथें कारखान्याचीच वाट धरावी. आपली मर्यादा ओळखणें हाही कारागिरीचाच भाग आहे.

आणि क्लच बदलण्याहून तो न बदलावा लागणें अधिक चांगलें. गाडी चालवितांना पेडलवर पाय टेकवून ठेवूं नये. चढणीवर थांबतांना गाडी क्लचवर तोलून न धरतां हातब्रेक लावावा. आणि घाटांत वेळींच खालचा गिअर घ्यावा. एवढें केल्यास हें काम पुष्कळ वर्षें लांबणीवर पडेल.

आमचें काम तीन सुट्यांचे दिवस घेऊन संपलें. चौथ्या दिवशीं सकाळीं मी आईला त्याच गाडींतून दवाखान्यांत घेऊन गेलों. वाटेंतल्या चढावर मीं श्वास रोखून धरला होता. गाडी निमूटपणें वर चढली. आई म्हणाली, "आज गाडी ओरडली नाहीं रे." मामा त्या वेळीं मागें बसले होते. ते कांहीं बोलले नाहींत. परंतु घरीं परतल्यावर त्यांनीं ते लांकडी ठोकळे स्वतः पुसून, मोजून, माडीवर नीट रचून ठेवले. ते आजही तेथें आहेत.